हाराच्या पोटातलं फूल

आमच्या विहिरीचं पाणी सासूबाई रोज सकाळी चाखून बघतात. पंप सुरू झाला की पहिली धार वाहू द्यायची, मग ओंजळ धरायची, एक घोट जिभेवर फिरवायचा आणि थुंकून टाकायचा. त्यानंतर त्या एकच शब्द बोलतात. पावसाळा संपल्यापासून दिवाळीपर्यंत "गोडं". संक्रांत उलटली की "मचूळ". होळीच्या पुढे बहुतेक वर्षी त्या काही बोलतच नाहीत, पदराला हात पुसून आत जातात. त्या दिवशी वाडीत कशाला पाणी द्यायचं आणि कशाला नाही, हे त्या एका शब्दावर ठरतं.

मी केळव्याची. लग्न होऊन १९९१ साली वसईतल्या निर्मळजवळच्या या वाडीत आले. समुद्र इथून चालत पाऊण तासावर. माती वाळूमिश्रित, हातात घेतली की बोटांतून सुटते. वाडीत केळी, थोडी पानवेल, नारळ, दोन सोनचाफे आणि बाकी सगळा मोगरा. कोपऱ्यात बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, त्याच्या काठावर म्हशी बसलेल्या. मोगऱ्याचा हंगाम आला की घरातली सगळी माणसं उजाडायच्या आत कळ्या खुडायला लागत. सासूबाई त्या कळ्या ओल्या फडक्यात बांधून नालासोपाऱ्याला जात आणि मालडब्यातून दादर गाठत. वसईची फुलं म्हणून दादरच्या बाजारात जी ओळख आहे, ती अशा बायकांनी डोक्यावर ओझी वाहून केलेली आहे. सोबतीला गास, भुईगाव, वाघोलीच्या बायका असत. डब्यात जागा करून देणं, एकीचं बाळ दुसरीने धरणं, परतीच्या गाडीत पैसे मोजणं, सगळं त्या एका डब्यात चाले.

गलांडा तेव्हाही वाडीत होता, पण त्याला कोणी लावलेलं नव्हतं. कुंपणाच्या कडेने, जिथे माती सगळ्यात भुरभुरीत, तिथे तो आपला आपण उगवे. तांबडी पाकळी, टोकाला पिवळी किनार, प्रत्येक पाकळीला तीन दाते. मी नवी नवी असताना एकदा विचारलं, हे फूल बाजारात का नेत नाही? सासूबाई म्हणाल्या, "ते हाराच्या पोटातलं फूल. भर म्हणून जातं. मोगरा टाकून कोण नेईल?" हारात बाहेरून झेंडू, शेवंती दिसते, आतली जागा भरायला स्वस्त फूल लागतं. विकत घेणाऱ्याला त्याचं नावही माहीत नसतं.

नावाचंच सांगायचं तर मूळ शब्द गॅलार्डिया. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये गायार द शारांतोनो नावाचे एक न्यायाधीश होते, वनस्पतिशास्त्राचे मोठे आश्रयदाते, त्यांच्यावरून ते ठेवलं गेलं. आपल्या तोंडात त्याचा गलांडा झाला. इंग्रजीत याला ब्लँकेट फ्लॉवर म्हणतात. अमेरिकेतले मूळ रहिवासी लाल-पिवळ्या रंगांची जी पांघरुणं विणत, त्यांची आठवण या फुलाच्या रंगांनी होते, म्हणून. हे वाचलं तेव्हा मला आमच्या आजीची गोधडी आठवली. तिच्यातही हेच दोन रंग होते, हळदीचा आणि कुंकवाचा, आणि कडेला दातेरी टाका.

पाणी बिघडलं ते हळूहळू. आसपासच्या विहिरींवर टँकर भरायला उभे राहू लागले, ते दिवस मला लख्ख आठवतात. नव्या इमारतींत राहायला आलेल्या माणसांनाही पाणी हवंच होतं, त्यांच्यावर माझा राग नाही. पण किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, मलई दुधावर असते तसं. शास्त्रातला ढोबळ हिशेब असा, की वरच्या गोड्या पाण्याची पातळी एक मीटर उतरली तर खालचं खारं पाणी चाळीसेक मीटर वर सरकू शकतं. उपसा थोडा दिसतो, नुकसान चाळीस पट होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने याच पाण्यासाठी, याच हिरवळीसाठी लोकांना रस्त्यावर आणलं. सासूबाई मोर्चाला गेल्या होत्या, कपाळाला कुंकू लावून, शेजारच्या ख्रिस्ती मावशींचा हात धरून. त्यांना भाषणातलं किती कळलं मला माहीत नाही, पण विहिरीचं त्यांना भाषण करणाऱ्यांइतकंच कळत होतं.

आमच्याकडे आधी पानवेल गेली. मग केळीच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी व्हायला लागल्या. शेवटी मोगरा. एका उन्हाळ्यात झुडपांना नवी फूट आली, ती पिवळीच आली. कळ्या धरल्या त्या गव्हाच्या दाण्याएवढ्या, आणि तशाच गळल्या. सासूबाई त्या वाफ्यात कितीतरी वेळ उकिडव्या बसून होत्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी कुंपणाकडे बोट केलं. तिथे गलांडा होता तसा उभा. एप्रिलचं ऊन, ना कोणी पाणी दिलेलं ना खत, आणि झाडावर मोजून अकरा फुलं.

तो कसा तगला, हे मला पुढे कळलं. याचं मूळ ठिकाण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा दक्षिण भाग आणि मेक्सिको. टेक्सास-फ्लोरिडाकडे तो समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवरसुद्धा वाढतो, खारे वारे अंगावर घेत. म्हणजे आमची जी जमीन मोगऱ्याला परकी होत चालली होती, ती याला घरची होती. पण त्या दिवशी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी एवढंच पाहिलं की एक झाड जगतंय. आम्ही मोगऱ्याचे दोन गुंठे मोकळे केले आणि बाजारातून दुहेरी फुलाच्या गलांड्याचं बी आणलं.

पहिल्या वर्षी मी त्याला मोगऱ्यासारखं वाढवलं. रोज पाणी, भरपूर शेणखत, वर सुक्या मासळीचं खत, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून दोन मुठी युरियासुद्धा. झाडं अशी माजली की वाफ्यातून पाय टाकायला जागा नाही. गुडघाभर हिरवा पाला आणि फूल औषधाला नाही. मग पाल्याच्या आत हवा खेळेना, खालची पानं काळी पडून चिकटली, एकेक झाड बुंध्याशी कुजून आडवं व्हायला लागलं. ओढलं की मूळ हातात येई, सालपट जागेवरच राही. मी घाबरून आणखी पाणी दिलं.

पलीकडच्या वाडीतले एक काका बांधावर उभे राहून बघत होते. त्यांनी वय झाल्यावर शेती सोडली होती, नजर सोडली नव्हती. त्यांनी खाली वाकून माती मुठीत दाबली, तिचा लाडू झाला तो मला दाखवला. म्हणाले, "बाय, हा लाडू वळतोय तोवर पाण्याचा पाइप हातात धरू नको. दुपारी पानं लोंबली तरी धरू नको. संध्याकाळी परत ये. संध्याकाळीही लोंबलेलीच दिसली तर दे."

गलांड्याबद्दल मला आजपर्यंत जे कोणी काही शिकवलं, त्यात याच्या तोडीचं दुसरं काही नाही. दुपारी पान लोंबतं ते उन्हाने. संध्याकाळी लोंबलेलं असेल तर ते तहानेने. माझ्यासारख्या बाईला, जिला लोंबतं पान दिसलं की हात आपोआप पाण्याकडे जातो, तिला हे दोन-तीन तास थांबणं फार जड गेलं. अजूनही जातं.

आता आमची पद्धत बसली आहे. गादीवाफा वीतभर उंच करायचा, माती चाळून घ्यायची. बी खोल पेरायचं नाही; वरून टाकून तळहाताने दाबायचं आणि बारीक मातीचा नुसता पडदा धरायचा. मुंग्या बी पळवतात, म्हणून वाफ्याभोवती राखेची रेघ. आठ-दहा दिवसांत उगवण दिसते. महिन्याभरात, पाच-सहा पानं आली की, रोपं दीड फूट बाय एक फुटावर संध्याकाळी लावायची. पुढे तीनेक आठवड्यांनी शेंडा खुडायचा. सुरुवातीला हे काम मी नवऱ्याला करायला सांगत असे, माझ्याने चांगला वाढता शेंडा मोडवत नव्हता. पण न खुडलेलं झाड एका काठीवर दोन फुलं देतं आणि वाऱ्याने कलंडतं. खुडलेलं झाड बाजूंनी फुटून टोपलीसारखं गोल होतं. बी टाकल्यापासून पहिल्या तोडणीपर्यंत अडीच ते तीन महिने. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोडणी, पुढचे दोन-तीन महिने.

मावा येतो, फुलकिडे येतात. निंबोळी अर्काची फवारणी संध्याकाळी, मधमाश्या घरी गेल्यावर. हे मी कटाक्षाने पाळते. गलांड्यावर बसणारी माशी फुलाच्या मधल्या चकतीवर गोल गोल फिरते, एकेक नळी तपासत, घड्याळाच्या काट्यासारखी. ती चकती म्हणजे एक फूल नसतंच, शेकडो बारकी फुलं एकमेकांना खेटून बसलेली असतात आणि कडेकडून आतवर रोज थोडी थोडी उमलत जातात. म्हणून माशीला तेच फूल उद्याही परवडतं. आणि दुहेरी फुलात, जे बाजाराला हवं असतं, तिथे ही चकती पाकळ्यांनी झाकून जाते, तिला धड बसता येत नाही. त्यामुळे कुंपणाच्या कडेचे जुने एकेरी गलांडे आम्ही काढले नाहीत. ती ओळ माश्यांची.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, म्हणून लिहिते. या झाडाच्या अंगावर बारीक लव असते आणि त्याचा चीक काहींच्या कातडीला सोसत नाही. पहिल्या मोठ्या हंगामात माझे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले, रात्री खाजवून झोप लागेना. मला वाटलं खताचं काहीतरी झालं. डॉक्टरांनी फुलं तोडता का, असं विचारलं तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि कापडी हातमोजे. खोबरेल लावून बसले की बरं वाटतं. ज्यांना बाल्कनीत दोन कुंड्या लावायच्या आहेत त्यांनी काळजी करण्यासारखं यात काही नाही, पण दिवसाला दहा-बारा किलो फुलं तोडणाऱ्या बाईने बाह्या खाली ओढूनच कामाला लागावं.

दादरला मी स्वतः जायला लागले ते सासूबाईंचे गुडघे गेल्यावर. पहिल्या खेपेला फुलं सकाळच्या दवात तोडली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली. मीनाताई ठाकरे फूल मंडईत पिशवी उघडली तर आतून गरम वाफ आली. खालचा थर काळवंडलेला. गाळेवाल्याने वरचं वेगळं काढलं, खालचं ढकलून दिलं, बोलला काहीच नाही. मला वाटलं होतं तो रागावेल, किंवा कीव करेल. तो पुढच्या करंडीकडे वळला. त्या बाजारात वेळ कोणाकडेच नसतो आणि फुलाला तर सगळ्यात कमी. परतीच्या गाडीत मी सासूबाईंचा विचार करत होते, पस्तीस वर्षं त्यांनी मोगरा आणला, आणि कळ्या नेहमी फडक्यात, कधी पिशवीत नाही. त्यांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. आता दव सुकलं की तोडणी, सावलीत तासभर पसरणं, मग तळाला केळीचं पान घालून करंडी.

पैशाचं म्हणाल तर किलोमागे मोगऱ्याच्या चौथाईही हातात येत नाही. पण मोगरा वर्षातले काही महिने, आणि पाणी गोडं असेल तर. गलांडा लग्नसराईत असतो, जेव्हा उन्हाने झेंडू थकलेला असतो. माझ्या मुलीच्या नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची फी या फुलाने भरली.

जुलै २०१८ मध्ये मात्र त्याने हात टेकले. गणपती त्या वर्षी १३ सप्टेंबरला होते आणि आम्ही त्या हिशेबाने चार गुंठे लावले होते. पाऊस लागला तो थांबेना. वसई-नालासोपाऱ्याच्या दरम्यान रूळ पाण्याखाली गेले, गाड्या बंद, कितीतरी दिवस वीज नाही. वाडीत कमरेएवढं पाणी आणि त्याला जायला वाट नाही, कारण ज्या खाजणांत आणि ओहोळांत ते पूर्वी उतरायचं तिथे भराव पडला होता. खारं सोसणारं, कोरडं सोसणारं हे झाड साचलेलं पाणी दोन दिवससुद्धा सोसत नाही. चौथ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा सगळी रोपं चिखलात निजलेली होती. पाला अजून हिरवा होता, मुळं मेलेली. वास येत होता तो मी विसरणार नाही.

वरंबे त्यानंतर दुप्पट उंच केले. बी मात्र घरात होतं, माळ्यावर, लाडवांच्या जुन्या डब्यात. त्याचं श्रेय सासूबाईंचं. पाकळ्या गळून गेल्या की गलांड्याचं बोंड उरतं, राखाडी, गोल, काटेरी मण्यासारखं. झाडावर बोंडं ठेवली की ते बी धरण्यात सगळी ताकद घालतं आणि फुलं आटतात, म्हणून आम्ही ती आठवड्याला खुडतो. हंगामाच्या शेवटी मात्र चांगल्या झाडांवरची राखतो. ती सासूबाईंकडे जातात. पडवीत बसून त्या बोंड दोन बोटांत चुरतात, फुंकर घालतात, कोंडा उडतो आणि बी सुपात राहतं. डोळ्यांना आता कमी दिसतं, पण बोटांना भरीव बी आणि पोचट बी वेगळं कळतं. दुहेरीच्या बियांतून काही एकेरी निघतातच. बाजारासाठी ती कामाची नाहीत. सासूबाई म्हणतात, कुंपणाला लाव.

आणि मग २०२०, करोनाचं वर्ष. मार्चच्या २२ तारखेला मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली. वाडीत गलांडा ऐन भरात होता. मोगराही, जो काही उरला होता तो, नेमका त्याच आठवड्यात फुटलेला. आमच्या अख्ख्या पट्ट्यात फुलं झाडावर आणि बाजार कुलूपबंद. पहिले दोन दिवस मी वाडीत गेलेच नाही. कशाला जायचं? तोडून टाकायची कुठे? बुधवारी २५ तारखेला गुढीपाडवा होता. आदल्या संध्याकाळी शेजारची सून कुंपणाशी येऊन विचारायला लागली, गुढीला हार कुठून आणायचा? नाक्यावर एक फूल नाही.

सासूबाईंनी सुई-दोरा मागवला. रात्री दिव्याखाली बसून आम्ही तिघींनी, मी, मुलगी आणि त्या, हार ओवले. नुसत्या गलांड्याचे. झेंडू नाही, शेवंती नाही, बाहेर तेच आणि पोटातही तेच. लाल, पिवळा, लाल, पिवळा. मध्ये एकेक आंब्याचं पान. सकाळी आळीतल्या सगळ्या गुढ्यांवर आमचे हार होते. पुढे १२ एप्रिलला ईस्टर आला, देवळं बंद, चर्च बंद. ख्रिस्ती मावशींच्या घरच्यांनी टोपलीभर फुलं नेली आणि रस्त्याकडेच्या क्रुसाला वाहिली. येता-जाता कोणी उभं राहत नव्हतं तेव्हा, पण क्रूस रंगीत दिसत होता. मी पैसे घेतले नाहीत, त्यांनी सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, पाठवली.

उरलेल्या फुलांचं काहीच झालं नाही. पण मी खुडणी थांबवली नाही. रोज सकाळी वाळकी बोंडं काढत राहिले, बाजार नसतानाही. विकायचं नसलं की तोडणीची घाई नसते, तेव्हा झाडाकडे बघता येतं. सकाळी कोवळं फूल मिटल्यासारखं असतं आणि दहाच्या सुमाराला पाकळ्या ताठ होतात, हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. त्या वर्षी माश्या इतक्या होत्या की वाफ्यात उभं राहिलं की कानात गुणगुण भरून राही. रस्त्यावर गाडी नाही, आकाशात विमान नाही, नुसता तो आवाज.

आता समोरच्या मोकळ्या जागेत इमारत उभी राहिली आहे. तिथल्या दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी मागच्या फेब्रुवारीत रोप मागायला आली. मी कुंडीतून दोन दिली, सांगितलं ऊन पूर्ण दिवस हवं, कुंडीला खाली भोक हवं, आणि पाणी कमी. चार दिवसांनी दुपारी तिचा फोन, काकी, झाड मेलं, सगळी पानं खाली पडलीत, पाणी घालू का? मी म्हटलं, संध्याकाळी बघ. सात वाजता तिने फोटो पाठवला. झाड ताठ उभं. खाली तिने लिहिलं होतं, मी काहीच केलं नाही.

परवा सकाळी पंप लावला. मे महिना, पहाटेपासून उकडत होतं. सासूबाई काठी टेकत आल्या, पहिली धार जाऊ दिली, ओंजळ धरली. घोट घेतला आणि थुंकला. मी वाट बघत होते. त्या काही बोलल्या नाहीत. ओंजळीत थोडं पाणी राहिलं होतं, ते घेऊन चार पावलं चालत कुंपणाशी गेल्या, वाकल्या, माती मुठीत दाबून पाहिली. तिचा लाडू झाला नाही. मग ते पाणी त्यांनी एकेरी गलांड्याच्या बुडाशी सोडलं.